कापश्याचा उपास

"सायेब, आधी हात लावून बघा, मंग बोला."

मावशी दवाखान्याच्या पायरीवर असतानाच हे वाक्य आत यायचं. नुसतं बोलून ती थांबायची नाही. टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला यायची, माझं मनगट धरायची आणि माझा हात सरळ शेळीच्या पोटावर नेऊन ठेवायची. मी सरकारी माणूस. माझं मनगट असं कुणी धरावं याची मला सवय नव्हती. पहिल्या वेळी मी तिच्यावर रागावलोच. "मावशी, मला माझं काम करू द्या," म्हणालो. तिनं मनगट सोडलं नाही. "काम हातानंच हुतं ना? मंग हात लावा की."

तुम्ही खेड्यातल्या जनावरांच्या दवाखान्यात कधी तासभर बसला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. काही माणसं जनावराच्या आजीपासून सगळा इतिहास सांगतात. काही नुसती दावं धरून उभी राहतात, आपण विचारलं तरी मान हलवतात. मावशी बोलायची कमी, पण आपल्याला गप्प बसू द्यायची नाही. मी औषध लिहायला लागलो की म्हणायची, "कान बघितला का?" कान बघितला की, "डोळ्याची पापणी?" माझी परीक्षा चालली आहे असं मला वाटायचं, आणि बहुतेक वेळा ती चाललेलीच असायची.

परभणी जिल्ह्यात चुडाव्याच्या पलीकडच्या एका गावात मी नऊ वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. मोठे डॉक्टर तालुक्याला, आठवड्यातून एकदा आले तर आले. पण गावात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. सगळे मला डॉक्टरसाहेबच म्हणायचे आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. कानाला ते बरं लागायचं, खोटं कशाला सांगू.

मावशी मेंढपाळाच्या घरातली. उंच, हाडानं मजबूत, पायात पुरुषी वहाणा आणि भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मेंढ्या दिराकडे गेल्या, शेळ्या हिच्याकडे राहिल्या. वीस-बावीस शेळ्या घेऊन ती रोज रेल्वे लाइनच्या कडेनं चारायला जायची. दीर आणि जाऊ शेजारच्याच घरात. जावेशी तिचं पटायचं, म्हणजे रोज भांडण व्हायचं आणि रोज कालवणाची वाटी या घरातून त्या घरात जायची.

शेळ्यांना ती शिव्या देऊनच हाक मारायची. प्रत्येक शेळीची शिवी वेगळी, आणि शेळ्यांनाही आपापली ओळखता यायची. अख्ख्या खांडात, म्हणजे तिच्या त्या कळपात, अहो-जाहो होतं ते फक्त एकाला, आणि तो होता ससा.

ससा तिच्याकडे कसा आला ते सांगायला हवं. एके वर्षी गावात एक जीप आली होती. इस्त्रीचे कपडे घातलेली दोन माणसं उतरली, मारुतीच्या पारावर पडदा लावून त्यांनी सशांची चित्रं दाखवली. दहा ससे घ्या, पिल्लं आम्हीच विकत घेऊ, असं सगळं समजावलं. गावातल्या सात-आठ जणांनी घेतले. मावशीनंही घेतले. पुढं जीप काही आली नाही आणि फोनही लागेना. ससे मात्र वाढत राहिले. कुणाचे कुत्र्यांनी नेले, कुणी कापून खाल्ले, कुणी बाजारात वाटेल त्या भावाला दिले. मावशीचेही असेच गेले. एक राहिला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. परभणीकडे कापूस कुणाला नवा नाही, तेव्हा नाव कापश्या पडलं. पण तोंडावर ती त्याला 'पाव्हणं' म्हणायची.

"दूध न्हाई, लेंडीखत न्हाई, कातडं न्हाई. नुसतं बसून खायाचं. मंग पाव्हणं न्हाई तर काय म्हनू?" असा तिचा हिशेब होता.

हा पाहुणा तिच्याबरोबर चारायला जायचा, डोक्यावरच्या टोपलीत बसून. शेळ्या पांगल्या की ती टोपली खाली ठेवायची. कापश्या उतरून बांधावरचं गवत कुरतडत बसायचा आणि फार लांब कधी गेला नाही. कुत्रं किंवा कोल्हं जवळपास आलं की तो मागचा पाय जमिनीवर दणकन आपटायचा. शेळ्या चटकन माना वर करायच्या. मावशीचं राखणीचं कुत्रं मात्र तोवर झोपलेलंच असायचं. "ह्या कुत्र्याला भाकर घालून म्या येडी झाले," असं ती मला सांगायची आणि हसायची. तिला हसताना मी फक्त त्या सशाचं बोलतानाच पाहिलं.

गावाला ही करमणूकच होती. ससा पाळायचा असतो हेच मुळी लोकांना पटत नव्हतं. "मावशी, दोन किलो भरंल का आता?" असं कुणीतरी रोज विचारायचं. मावशी उत्तर द्यायची नाही. एकदा मीही गमतीनं तसलंच काहीतरी बोललो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच रजिस्टर उघडलं.

आता मी त्या दिवसाकडे येतो. टाळता आला असता तर बरं झालं असतं.

जनावरांच्या कानात बिल्ले मारून त्यांची नोंद मोबाइलवर करायचं काम तेव्हा वरून आलं होतं. नेटवर्क नसलेल्या गावात मोबाइलवर नोंद करणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. आठवडाभर मी खिडकीतून हात बाहेर काढून काम करत होतो. तालुक्याहून रोज फोन येत होता, किती झाले, किती राहिले. डोकं ठिकाणावर नव्हतं. अशात मावशी टोपली घेऊन आली.

"सायेब, पाव्हणं कालपासून काई खायनात. दात खायल्यात. कान थंड पडल्यात. लेंडीबी टाकली न्हाई."

"पोट फुगलंय का?" मी मोबाइलवरून नजर न काढता विचारलं.

"जरा ताठल्यासारकं लागतंय. हात लावून बघा."

"बघायचं काय त्यात मावशी, अपचन आहे. चारा तोडा. दोन दिवस तोंडाला काही लावू नका. पाणी पाजा, चमचाभर गोडेतेल द्या. होईल मोकळं."

हे मी शेळीला सांगतो तसं सांगितलं. शेळीचं पोट फुगलं की आमच्याकडे पहिली गोष्ट चारा तोडायची, मग तेल पाजायचं. दवाखान्यातही तेच आणि मेंढपाळाच्या वाड्यातही तेच. शेकडो शेळ्यांना मी हे सांगितलं होतं, त्यातल्या बहुतेक उठून चालायला लागल्या होत्या. तोंडात बसलेलं वाक्य होतं ते.

मावशी गेली नाही. टोपलीवर हात ठेवून उभी राहिली.

"सायेब, एक इचारू? शेळी बसली की रवंथ करती. हे करत न्हाई. दोन वरसं झाली, म्या रोज बघायलेय. हे घडीघडी कुरतडतंय, थांबत म्हनून न्हाई. रवंथ न करणाऱ्याला उपाशी ठिवून चालंल का?"

किती नेमका प्रश्न होता. शाळेची पायरी न चढलेल्या बाईनं नुसतं बघून बघून तो काढला होता. शेळीच्या पोटात एक मोठी कोठी असते, दोन दिवस चारा तोडला तरी तिथं साठवण असते. सशाचं तसं नसतं. त्याचं पोट चालतं तेच मुळी सतत खाण्यावर. खाणं थांबलं की पोट थांबतं, आणि थांबलेलं पोट पुन्हा चालू करणं महाकठीण. आमच्या पदविकेच्या पुस्तकात सशावर दीड पान होतं. परीक्षेला कधी यायचं नाही म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते सोडून दिलं होतं.

मी म्हणालो, "पोट सगळ्यांचं सारखंच असतं, मावशी."

त्या दिवशी तिनं माझं मनगट धरलं नाही. मी कामात आहे हे तिला दिसत होतं. "बरं," म्हणाली आणि टोपली उचलून गेली. मीही त्या सशाला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप उघडायच्या आत ती पायरीवर बसलेली होती. टोपली मांडीवर. "दोन दिस काई दिलं न्हाई सायेब, तुमी म्हनल्यावानी," एवढंच बोलली. मी तिथंच पायरीवर बसून टोपलीत हात घातला. पोट मळून ठेवलेल्या कणकेसारखं घट्ट होतं. कान गार. माझ्या हाताखाली तो हललासुद्धा नाही.

मी परभणीच्या एका मित्राला फोन लावला. त्यानं एका खासगी दवाखान्याचं नाव सांगितलं, तिथं कुत्र्या-मांजरांचे उपचार होतात, ससेही बघतात म्हणाला. मी रजेचा अर्ज ठेवला आणि मावशीबरोबर चुडाव्याचं स्टेशन गाठलं.

पॅसेंजरमध्ये लोक टोपलीत डोकावत होते. पूर्ण्याला चढलेला एक गृहस्थ कौतुकानं म्हणाला, "वा, किती किलोचा हाय?" मावशीनं घोंगडीचं टोक टोपलीवर ओढलं. "तुमच्या घरी पाव्हणं आलं की वजन इचारता का?" डब्यातली माणसं हसली. मला हसू आलं नाही.

त्या दवाखान्यात काचेचं दार होतं आणि आत गारवा होता. बाकांवर मोठमोठी कुत्री घेऊन माणसं बसली होती. मावशीनं वहाणा बाहेर काढल्या. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी होती. आत शिरताच मी तिला माझी ओळख करून दिली, मी खात्यातला, इतकी वर्षं नोकरी, वगैरे. जरा मिरवूनच सांगितलं. माझी भीती मला अशा वेळी बडबड करायला लावते.

तिनं कापश्याला टेबलावर घेतलं. पोट दाबलं, स्टेथोस्कोप लावून आतड्याचा आवाज ऐकला, मग बारीक दिव्यानं बराच वेळ तोंडात पाहिलं. एक्स-रे काढला. मग मावशीला नीट समजावून सांगितलं. एका दाढेला टोक वाढलं होतं, ते जिभेला बोचत होतं, म्हणून त्यानं खाणं सोडलं. तेवढंच असतं तर सोपं होतं. पण उपाशी राहिल्यामुळे आतडं थांबलं होतं.

"याला उपाशी कोणी ठेवलं?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडणार होतो, अशी माझी मी आजवर समजूत घालत आलो आहे. खरं काय ते देवाला ठाऊक. कारण तेवढ्यात मावशी बोलली.

"म्या. आमच्यात शेळीला असंच करत्यात. मला वाटलं, ह्यालाबी चालंल."

डॉक्टर मुलगी रागावली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही खात्यातले आहात ना? गावात सांगत जा हो यांना. सशाला कधी उपाशी ठेवायचं नसतं."

मी म्हणालो, "हो."

वाचणाऱ्या मंडळींनो, त्या 'हो'ची लाज मला अजून वाटते. मावशीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती कापश्याच्या कानांवरून बोट फिरवत होती.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. तिनं रस्त्यापलीकडची चहाची टपरी दाखवली. "सायेब, तुमच्या पोटात सकाळपासून काई न्हाई. दोन बिस्किटं खा चहासंगं."

पोट चालू करायचं तर रोज सलाईन, रोज इंजेक्शनं आणि दर दोन तासांनी बिनसुईच्या पिचकारीनं पातळ खाणं भरवायचं, असं सांगितलं होतं. पोट चाललं तर पुढं भूल देऊन दाढेचं टोक घासायचं. खर्चाचा आकडा ऐकून मी चपापलो. आमच्या गावात एवढ्या पैशात म्हशीचं बाळंतपण निभावतं. मावशीनं फक्त "बरं" म्हटलं. पुढच्याच बाजारात तिनं दोन शेळ्या विकल्या, त्यातली एक तिच्या खांडातली सगळ्यात दुधाची. गावाला आता हसायला नवं कारण मिळालं. शेळ्या विकून ससा जगवणारी बाई बघायला लोक तिच्या दारावरून मुद्दाम जायचे.

मी एकदा तिला गाठून म्हणालो, "मावशी, दवाखान्याचं निम्मं मी देतो."

"तुमी कशापायी?"

हीच वेळ होती. रस्त्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं. चूक माझी होती म्हणून, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "असंच."

"असंच कुनी कुनाला देत न्हाई," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. तुमाला लेकरंबाळं हायेत."

आठ-नऊ दिवस ती रोज गाडीनं परभणीला गेली आणि रोज परत आली. शेळ्या जाऊ बघायची. गाडीतसुद्धा वेळ झाली की मावशी पिचकारी काढायची आणि कापश्याच्या ओठाच्या कडेतून थोडं थोडं सोडायची. "घ्या पाव्हणं, घ्या. लाजू नका," असं म्हणत. घड्याळ तिला वाचता यायचं नाही. सूर्याकडे बघून आणि स्टेशनं मोजून ती वेळ पाळायची, आणि ती एकदाही चुकली नाही असं त्या डॉक्टर मुलीनंच मला फोनवर सांगितलं.

एका दुपारी ती स्टेशनावरून थेट दवाखान्यात आली. कनवटीतून कागदाची पुडी काढली आणि माझ्या टेबलावर, चालू रजिस्टरवरच उघडली. आत मिऱ्यांएवढ्या चार-पाच लेंड्या होत्या.

"बघा," ती म्हणाली.

मी त्या लेंड्या बोटानं दाबून पाहिल्या. ओल्या होत्या, ताज्या होत्या. पोट चाललं होतं. आम्ही दोघं त्या पुडीकडे एवढ्या आनंदानं बघत होतो की रांगेतला म्हशीवाला बुचकळ्यात पडला. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो. आता हा जगेल आणि मला कुणाला काही सांगायची गरज पडणार नाही. बघा, माणूस कसा असतो. मला सशापेक्षा माझ्या सुटकेचा आनंद जास्त झाला होता.

दाढ घासायच्या दिवशी मी पुन्हा बरोबर गेलो. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, टोक काढल्याशिवाय हा आपलं आपण खाणार नाही आणि अंगात ताकद नाही म्हणून भुलेचा धोका आहे. मावशी माझ्याकडे वळली. एवढं सगळं होऊनही ती मलाच विचारत होती.

"सायेब, काय करावं?"

"तुम्हाला काय वाटतं मावशी?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदा विचारला.

तिनं कापश्याच्या गालावरून बोट फिरवलं. "बोचतंय तवर खानार न्हाई. पिचकारीवर किती दिस जगवायचं? काढू द्या टोक."

तिचं बरोबर होतं. ती दर वेळी बरोबरच होती. दाढ दहा मिनिटांत झाली. कापश्या मात्र भुलेतून उठला नाही. डॉक्टर मुलगी स्वतः बाहेर आली, मावशीजवळ बाकावर बसली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "मधे उपास पडला नसता तर उठला असता हो तो. अंगात काही उरलंच नव्हतं."

"व्हय बाई," मावशी म्हणाली. "माज्याच हातानं गेला."

मी समोरच्या भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसीचं चित्र वाचत होतो. अक्षरन् अक्षर मला अजून पाठ आहे.

परतीच्या गाडीत टोपली घोंगडीनं पूर्ण झाकलेली होती. कुणी काही विचारलं नाही. मावशी रडली नाही, निदान माझ्यासमोर नाही. चुडाव्याला उतरल्यावर ती म्हणाली, "तुमी जावा दवाखान्यात. मानसं थांबली असतील." मी म्हटलं, मी येतो वावरात, खड्डा खणायला. ती नको म्हणाली. रुळाच्या कडेनं ती चालत गेली आणि मी खरोखरच दवाखान्यात जाऊन बसलो. माणसं थांबली होती.

त्यानंतरही ती येत राहिली. शेळी आणायची, मी तपासायचो, औषध घेऊन जायची. मी आता प्रत्येक जनावराला आधी हात लावत होतो, कोंबडीलासुद्धा. माझं मनगट धरायचं तिला कारण उरलं नव्हतं. मला वाटायचं, तिनं एकदा ते धरावं, झिडकारावं, चार लोकांत माझा पाणउतारा करावा. ती नेहमीसारखी बोलायची. कापश्याचं नाव मात्र तिनं काढलं नाही आणि मला ते काढायचा धीर झाला नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता पाथरीला माझी बदली झाली. निरोपाच्या दिवशी ती तांब्याभर दूध घेऊन आली होती. "तिकडंबी जनावरं नीट बघत जावा," म्हणाली. मी तिच्या पाया पडलो. लोकांना वाटलं, साहेब किती साधा माणूस आहे.

पाथरीला दोन वर्षं गेली. मावशी गेल्याची बातमी मला गावातल्या दवाखान्याच्या शिपायानं फोनवर सांगितली, तीही दुसरंच काही सांगता सांगता. दोन दिवसांचा ताप, दवाखान्यात न्यायच्या आधीच संपली. तेरावाही उरकला होता.

पुढच्या रविवारी मी पाथरीहून एसटीनं परभणी, तिथून गाडीनं चुडावा, असा तिच्या दारी गेलो. आता कुणाला सांगायचं हेही मला ठाऊक नव्हतं. पण सांगायचं असं मनाशी घट्ट ठरवलं होतं. जाऊ ओट्यावर तूर पाखडत बसली होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या.

"बाई तुमचं लय नाव घ्यायची सायेब," डोळे पुसून जाऊ म्हणाली. मावशीला ती बाई म्हणायची. "ससा मेला तवा लोक म्हनाय लागले, सायबालाबी काई कळलं न्हाई वाटतं. तर बाई भडकली. म्हनली, सायबानं खाऊ घाल म्हनून सांगितलं हुतं, म्याच आडानी, म्या उपाशी मारला. तवापासून वाड्यात सगळ्यांना बजावून ठिवलं. जनावर बिमार पडलं की दवाखान्यातच न्यायाचं. आपली अक्कल चालवायची न्हाई."

शेजारणींनी माना हलवल्या. मला आठवलं, ससा गेल्यानंतरच्या काळात त्या वाड्यातली, मेंढपाळांच्या वस्तीतली, जनावरं जास्त यायला लागली होती. आधी झाडपाला करणारी, नवस बोलणारी माणसंही यायला लागली होती. माझ्या कामाचा तो गुण आहे, असं मी तेव्हा वरिष्ठांना सांगितलंही होतं. दुसरा दवाखाना कितीतरी लांब. माझ्यावरचा विश्वास उडाला असता तर जनावरं घरीच मेली असती, हे मावशीला दिसलं असणार. तिनं माझी अब्रू राखली ती बहुधा शेळ्यांसाठी. माझ्यासाठी राखली असं समजायची माझी लायकी नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "तसं नव्हतं. उपाशी ठेवायला मीच सांगितलं होतं. मावशी नको म्हणत होत्या. हे रवंथ करत नाही, याला उपाशी ठेवून चालेल का, असं त्यांनी मला तोंडावर विचारलं होतं. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. चूक माझी होती. त्यांनी ती अंगावर घेतली."

इतकी वर्षं जे जिभेवर आलं नाही ते एका दमात बाहेर पडलं. जावेनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे पुन्हा भरून आले.

"लय मोठ्या मनाचे हाव सायेब तुमी," ती म्हणाली. "गेलेल्या मानसाचा दोष आपल्या अंगावर घ्यायलाव. पर बाई खोटं बोलनारी न्हवती. बाजारात शेळी इकताना तिची खोड आधी सांगायची, मंग भाव सांगायची. ती कशाला खोटं बोलंल?"

"अहो, मी खरंच सांगतोय," मी म्हणालो.

"कळतंय सायेब, कळतंय," शेजारीण म्हणाली, आणि दुसरीला हळूच म्हणाली, "असा मानूस सापडत न्हाई बघ आता."

मी आणखी एकदा सांगून पाहिलं. मोबाइलवरच्या नोंदीचं सांगितलं, परभणीच्या डॉक्टरचं सांगितलं, त्या 'हो'चं सांगितलं. जेवढं सांगावं तेवढा मी त्यांच्या नजरेत मोठा होत चाललो. शेवटी जाऊ उठली, आत गेली आणि चहा घेऊन आली. कपबशी तिनं दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली. मी तो चहा घेतला आणि त्या सगळ्यांसमोर मुकाट्यानं प्यायलो.